मनगटाचा परीघ

इंदुमतीबाई दुपारी घोरू लागल्या, तसे खांबेटे सर दोरा घेऊन पलंगाशी वाकले. आजवर बायकोसाठी आणलेल्या चपला सैल निघाल्या, झंपर घट्ट. लग्नाच्या पन्नाशीला सोन्याची बांगडी तरी अचूक बसायलाच हवी होती. जन्मभर भूमिती शिकवलेला माणूस. मनगटाचा परीघ मोजला, बावीस सप्तमांशाने भागला, व्यास मिळाला. सोनार काही विचारायला गेला, तर त्यालाच सूत्र ऐकवलं.

पन्नाशीच्या दिवशी बांगडी बोटांवरून सरकली आणि अंगठ्याच्या बुंध्याशी अडकली.

"माप चुकणं शक्य नाही," सर पुटपुटले. "मनगटाला तंतोतंत आहे."

"मनगटाला आहे हो. पण वाटेत हात लागतो," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा कासार बरा. तो आधी हात हातात घेतो."

सर साबण आणून बायकोचा हात चोळत बसले. बांगडी काही चढली नाही. बाईंनी हातही सोडवून घेतला नाही.