आधी मेंढीला

मेंढरं कातरायच्या दिवशीच थोरल्या लेकानं साखराबाईच्या हातातली कातर काढून घेतली. काळजात बसवलेल्या धातूच्या व्हॉल्व्हवर रक्त गोठू नये म्हणून तिला रोज रक्त पातळ करायची गोळी होती. जरा खरचटलं तरी धार थांबत नसे. कळपाची मालकीण बाजेवर धुमसत बसली. पुण्यात संशोधन करणारी नात समजावू लागली, “आजी, आम्ही व्हॉल्व्हवर असा लेप चढवतोय, की रक्त त्याला चिकटणारच नाही. गोळीच नको.” “मग बसव की मला!” “माणसांना अजून नाही. आधी मेंढ्यांना बसवून बघतोय. मस्त चरतात.” म्हातारी उसळली. “जल्मभर मेंढरं मी राखली, अन् चांगला व्हॉल मेंढीला? लई शिकलीस बाई!” नातीला हसू फुटलं. साखराबाईनं गोळीपायी काळानिळा पडलेला स्वतःचाच हात पुढं केला. “दात काढू नगं. तुज्या सायबाला इचार, एखादी मेंढी कमी पडती का?”