बरणीचा तळ

एकोणीसशे एकाहत्तरच्या हिवाळ्यात एका सकाळी चमचा बरणीच्या तळाला लागला आणि टणकन वाजला. टेबलाभोवतीच्या चारही माणसांनी बरणीकडे पाहिलं.

बरणी संत्र्याच्या जॅमची होती. आईनं मागच्या थंडीत भरलेली. आई पानगळीत गेली आणि ही एक बरणी मागे राहिली. तेव्हापासून तिचा पाच वर्षांचा धाकटा, ज्याला सगळे लाडानं बोका म्हणत, पावाला हाच जॅम लावून खायचा. दुसरं काही म्हणून तोंडात घालत नव्हता. आई गेल्यावर घर सांभाळायला आलेल्या आत्यानं एकदा त्याला उकडलेलं अंडं भरवलं होतं. त्यानं दोन घास घेतले, समोर बसलेल्या बाबांकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते रोज सकाळी बोक्यासमोर बसत. पोरानं जॅम-पावाचा पहिला घास गिळला की मगच आपल्या पावाचा तुकडा मोडत. एरवी त्यांचा पाव तसाच वाळून जाई.

"आता काय करणार?" आत्या म्हणाली. "बरणी संपली की मी याला माझ्याकडे घेऊन जाणार. चार पोरांच्या पंगतीत बसला की खाईल मुकाट्यानं. इथं उपाशी मारणार आहात का त्याला?"

ताईनं बोक्याचा हात टेबलाखाली धरला. ती दहा वर्षांची होती.

त्याच दुपारी आत्या बोक्याला घेऊन बाजारात गेली आणि ताईनं संत्री सोलायला घेतली. आई जॅम करायची तेव्हा दोघं मुलं तिच्या आजूबाजूला असत. साली सोलायचं काम त्यांचं. पातेल्याची वाफ खिडकीच्या काचेवर धरली की ताई बोटानं घरं काढायची आणि बोका त्या घरांना मिशा काढायचा. "घराला मिशा कुठं असतात रे?" आई विचारायची. "बाबांच्या घराला असतात," तो म्हणायचा. एवढं सगळं ताईला आठवत होतं. जॅम कसा करायचा ते मात्र नीट आठवत नव्हतं. तिनं साली चिरल्या, साखर घातली, ढवळून ढवळून हात भरून आले. झाला तो नुसता पाक. तो तिनं बरणीत ओतला आणि बरणी फळीवर जागच्या जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी तिनं भरली होती त्याहून वर भरलेली होती.

ताईनं झाकण काढलं. संत्र्याच्या वासाखाली दुसराच एक वास होता. टर्पेंटाइनचा. बाबांच्या बोटांना, बाहीला, उशीलाही तोच वास असे. मागच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांपाशी त्यांची एक शेगडी होती. ताईनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते.

"अगंबाई! या बरणीला पाझर फुटला की काय?" आत्या म्हणाली.

बोक्यानं पावावर जॅम लावला. वास घेतला. त्याचं नाक जरासं आक्रसलं. मग त्यानं मोठा घास घेतला, चावला, गिळला. बाबांनी आपला पाव मोडला.

आठवडाभर हे असंच चाललं. बाप आणि लेक एकमेकांपासून लपून एकाच बरणीत भर घालत होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. शेवटी एका दुपारी ताई चुलीशी उभी असताना बाबा दारात आले. तिनं पातेलं झाकायचा प्रयत्न केला.

"बिया टाकून देऊ नकोस," ते म्हणाले. "फडक्यात बांध आणि पातेल्यात सोड. त्याशिवाय घट्ट होत नाही. तुझी आई सोडायची."

ताई मान खाली घालून ढवळत राहिली. मग म्हणाली, "आणि तुम्ही आधी साबणानं हात धुवा. बोका टर्पेंटाइन खातोय."

बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. हसता हसता मोरीशी जाऊन ते बराच वेळ हात धूत राहिले.

त्या हिवाळ्यात बरणी रिकामी झाली नाही. थंडी सरली, बाजारातली संत्री संपली. तोवर बाबा पहिल्यासारखे जेवू लागले होते. बोकाही पानात पडेल ते खायला लागला. कसा काय, ते कुणी विचारलं नाही. पोर घरातच राहिलं, एवढं सगळ्यांना पुरे होतं.

आत्या तिच्या गावी परतली आणि शेवटपर्यंत सांगत राहिली, की माझ्या धाकानं पोरगा ताळ्यावर आला. बाबांनी डोळे अधू होईपर्यंत पाट्या रंगवल्या आणि एका हिवाळ्यात झोपेतच गेले. ताई एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळू लागली. शंभर मुलांचं रांधणं तिला जड गेलं नाही. बोका मोठा होऊन लांब पल्ल्याचे ट्रक चालवू लागला. महिन्यातून एकदा तो ताईकडे मुक्कामाला यायचा.

बाबा गेल्यानंतर तो आला, तेव्हा ताईनं त्याच्यासाठी मुद्दाम जॅम करून ठेवला होता. बिया फडक्यात बांधून, अगदी आईसारखा. त्यानं बरणी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि हळूच तिच्याकडे सरकवली.

"मला हा कधीच आवडला नाही गं, ताई. कडू लागतो. आई करायची तेव्हाही लागायचा."

"अरे, मग त्या हिवाळ्यात दुसरं काहीच कसं खात नव्हतास?"

"दुसरं काही खाल्लं तर बाबा जेवत नव्हते."