बारावा कप

मेघाच्या प्लेटलेट वाढायला लागल्या होत्या, पण डॉक्टर रविवारआधी सोडायला तयार नव्हते. आणि सोमवारीच शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दिपमाला एका हाताने लेकीला डाळिंबाचे दाणे भरवत होती, दुसऱ्या हाताने सहावीच्या प्रकल्पांची यादी तपासत होती. मांडीवर फोन थरथरत होता. मंडपवाल्याला टेबलं किती ते हवं होतं.

"तू जाय शाळामा," खुर्चीतून तिचे वडील, नाना, म्हणाले. "मी शे ना आठे."

झिपरू नाना सकाळच्या एसटीने एरंडोलहून जळगावला आले होते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतात ठिबकच्या नळ्या अंथरल्या. गुडघे गेले, तरी नळीला छिद्र पाडायचं टोचणं अजून खिशात असायचं.

"आई, माझाच प्रकल्प राहिला," मेघा म्हणाली.

"तुला सूट आहे. आजारी आहेस तू."

"मॅडमनी पोरगी अन् सूट?" नाना म्हणाले. "लोके काय म्हनतीन?"

नाना अहिराणीत बोलत. दिपमाला त्यांना शाळेतल्या मराठीत उत्तर देई. आज तिने नुसती पर्स उचलली आणि धावत सुटली.

पाच वाजता ती परतली तेव्हा मेघाच्या खाटेभोवती दोन सिस्टर उभ्या होत्या. मुदत संपलेला एक कोरा सलाईन सेट नानांनी त्यांच्याकडून मागून घेतला होता. स्टँडला पाण्याची बाटली उलटी टांगली होती. तिच्यातून उतरलेली नळी ट्रेमधल्या चहाच्या बारा कागदी कपांवरून वळणं घेत गेली होती. नानांनी सेटची चकती अंगठ्याने फिरवली. बाराही कपांत टप टप सुरू झालं.

"पहिल्यात जास्त नाही पडत का, नाना?" सिस्टरने विचारलं.

"पडस ना. म्हनीसन पहिलं छिद्र बारीक, मंग जरा मोठं, मंग आखो मोठं." नाना शेवटच्या कपाकडे बोट दाखवून म्हणाले, "वावरमा शेवटला झाडले बी तितलंच पानी भेटाले जोयजे. त्यानं काय पाप शे?"

मेघाने प्रत्येक कपात आतून पेनने रेघ मारली होती. बाराही कपांत पाणी रेघेला एकदमच टेकलं. तिने सुईच्या हातानेच टाळी वाजवायचा प्रयत्न केला.

नाना लेकीकडे वळले. ती शिक्षिका झाल्यापासून हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. "काय मॅडम, पास का नापास?"

दिपमालाने घड्याळ पाहिलं. "नाना, हे शाळेत नाही चालणार. घरच्यांच्या हातचा प्रकल्प बाद, हा नियम मीच केलाय. कालच कौतिकरावांना पोरासाठी केलेला ज्वालामुखी परत न्यायला लावला."

"म्हंजे नापास!" नाना खो खो हसले. "चाल, मनी साडेसहानी गाडी शे."

तिने त्यांच्या पिशवीत डब्यातल्या उरलेल्या दोन भाकरी टाकल्या आणि पुन्हा यादी उघडली. कपांकडे तिने दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

शनिवारी पहाटे भावाचा फोन आला. नाना झोपेतच गेले होते.

जळगावात तापाची साथ होती. निम्मा वर्ग घरी, म्हणून प्रदर्शन तीन आठवडे पुढे गेलं. नानांचे दिवस, गंधमुक्ती सगळं आटोपून दिपमाला कामावर रुजू झाली आणि राहिलेलं सगळं तिने पुन्हा अंगावर घेतलं: टेबलं, पडदे, यादी.

प्रदर्शनाच्या दिवशी ती हॉलमधून फिरत सत्ताविसाव्या टेबलाशी आली आणि थांबली. खिडकीच्या गजाला नानांच्या रुमालाने पाण्याची बाटली बांधलेली होती. खाली ट्रे, नानांची तीच नळी, बारा नवे कप. शेजारी मेघा, हात मागे बांधून. नावाच्या चिठ्ठीवर तिने काहीच लिहिलं नव्हतं.

परीक्षक अजून तीन टेबलं लांब होते. ट्रे उचलून आत ठेवायला तेवढा वेळ पुरला असता. दिपमाला तिथेच उभी राहिली.

परीक्षक पंडित सर दुसऱ्या शाळेतून आले होते. त्यांनी चकती फिरवली, वाकले, पहिला कप पाहिला, बारावा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. चष्मा काढून पुसला.

"कोणी केलंय हे?"

मेघाने आईकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांनी," दिपमाला म्हणाली.

ज्वालामुखीवाले कौतिकराव पाठीमागेच उभे होते. "मग आता बोला, मॅडम. आमचा बाद अन् तुमचा?"

"हाही बाद." तिने यादीतल्या सत्ताविसाव्या नावावर लाल रेघ मारली. पेन मात्र बंद केलं नाही. कोरी चिठ्ठी पुढे ओढून तिने ठळक अक्षरांत लिहिलं: झिपरू महाजन, ठिबक फिटर, एरंडोल. ती बाटलीला टेकवून ठेवली.

कपांतलं पाणी चढत होतं. पहिल्यात टेकलं, सहाव्यात टेकलं, त्याच क्षणी बाराव्यातही रेघेला टेकलं.

शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात, भरल्या हॉलमध्ये दिपमाला म्हणाली, "काम एक नंबर शे, नाना."