व्हॉल्व्ह गरम होईपर्यंत

"याच्यात काही खराबी नाही, मधुकरराव." ओमप्रकाशने ॲम्प्लिफायरचं झाकण परत बसवलं. "सत्तर साली तुम्ही जोडला. बारा वर्षं झाली, तरी नवा आहे. काहून आणून राहिले सारखा?"

"आवाज बरोबर येत नाही."

"रेडिओचा?"

"नाही. एका कॅसेटचा."

नागपुरात जरीपटक्यातल्या ओमप्रकाशच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मधुकररावांनी खिशातून कॅसेट काढली. त्यांची बायको प्रेमिला जाऊन अडीच महिने झाले होते. कपाट आवरताना तिच्या साड्यांखाली ही सापडली. वर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : भुलाबाईची गाणी, पारशिवनी.

दोन वर्षांपूर्वी पारशिवनीला माहेरी जाताना ती त्यांचा टेपरेकॉर्डर घेऊन गेली होती. आल्यावर म्हणाली, "गाणी भरून आणली. ऐकता का?" ते तेव्हा स्पीकरची पेटी घासत बसले होते. नंतर ऐकू, म्हणाले. ते राहूनच गेलं.

सव्वीस वर्षांत प्रेमिला त्यांच्यासमोर कधी गायली नव्हती. माहेरी बहिणींत गाते, एवढं ते ऐकून होते. आता तिचा आवाज कुठे उरला असेल तर या कॅसेटमध्ये.

ओमप्रकाशने ती लावून ऐकली. "साफ तर आहे."

"साफ आहे. पण ती वाटत नाही."

मधुकरराव पाटबंधारे खात्यात नकाशे काढत आणि संध्याकाळी ॲम्प्लिफायर, स्पीकर जोडण्याचा हा नाद करत. त्यांच्या मशीनमध्ये घरघर नव्हती, खरखर नव्हती. जे भरलं तेच ऐकू येई. पण ही कॅसेट लावली की गाणारी बाई परकी वाटायची. आवाज बारीक, टोकदार. शिवाय गाण्यापेक्षा जवळून, अगदी माइकपाशी, कोणाच्या तरी बांगड्या वाजायच्या, श्वास ऐकू यायचा. त्यांना त्याचा राग येई. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मशीनला दोष दिला होता.

ओमप्रकाशने फळीवरून एक पत्र्याचा डबा उतरवला. "मग हा ऐका. व्हॉल्व्हवाला. लग्नाच्या मंडपातल्या जुन्या मशीनचे पार्ट काढून बनवला. सस्ता माल आहे, खोटं नाही सांगत. पण आवाज गोल करते."

डबा सुरू होऊनही काही वाजलं नाही. आतल्या व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल झाल्या. मग घुमघुम सुरू झाली, आणि त्या घुमघुमीतून गाणं आलं. बारीकपणा गेला होता. बांगड्या बुडाल्या होत्या. आवाज भरल्या गळ्याचा होता.

मधुकरराव स्टुलावर बसले. "हीच," ते म्हणाले.

"सोच लो. तुमच्या मशीनसारखी मशीन नागपुरात मिळणार नाही."

"तू ठेव ती. मला हा दे."

पंधरा दिवसांनी ते तिकडून गेले, तेव्हा त्यांच्या मशीनचं रिकामं खोकं दारात पडलेलं होतं. आतला माल दोन-तीन रेडिओंत गेला होता.

डबा सांभाळणं सोपं नव्हतं. त्याला एकच स्पीकर चाले. दुसऱ्यावर त्यांनी चादर टाकली. एक नळी मधेच विझायची, तिला बोटाने टिचकी मारावी लागे. घुमघुम रोज वाढत होती. मे महिन्यात नवीनच त्रास झाला. कूलर लावला की व्होल्टेज पडे आणि आवाज आचके देई. म्हणून ऑफिसातून आले की ते आधी कूलर बंद करत.

शेजारचे मारोतराव एकदा दारात थांबले. "काहून गा मधुकर, भट्टीत बसला?"

"व्हॉल्व्हले व्होल्टेज पुरत नाही."

"अन् तुले?"

मधुकररावांनी विझलेल्या नळीला टिचकी मारली. नळ्या लाल व्हायला मिनिटभर लागे. तेवढा वेळ ते नुसते बसून राहत. प्रेमिला आत पदर सारखा करते आहे, आता येईल, असं वाटे. मग ती येई आणि तेच गाणं गाई. त्यांना करण्यासारखं काही नसे. ते घाम पुसत आणि कॅसेट संपली की उलटवत.

जून लागायच्या आत प्रेमिलाची धाकटी बहीण शोभा पारशिवनीहून कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. तिने आल्याआल्या कूलरकडे पाहिलं.

"बिघडला का, भाऊजी?"

"नाही. बस. तुला ऐकवायचं आहे."

गाणं सुरू झालं तशी शोभा पदराने वारा घ्यायची थांबली. मग हळूच गुणगुणायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसतही होती.

"रोज लावता हे?"

"रोज."

"बापा. मले वाटे, तुम्हाले माझं गाणं आवडत नसन. किती भारी केला हो आवाज. ताईसारखा लागून राहिला."

मधुकररावांनी डब्याकडे पाहिलं. नळ्या लाल होत्या, सगळ्या चालू होत्या.

"प्रेमिलाचं कोणत्या बाजूला आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीकडे मीच आहे. ताई तर माइक धरून बसली होती." शोभाने डोळे पुसले. "मी म्हटलं, ताई, तू पण म्हण ना एक. तर म्हणे, नाही वं शोभा, यांच्या मशीनवर चूक लगेच ऐकू येते."