मागच्या खोलीतला कान

या, असे जवळ येऊन बसा. ऐकणं हे पुण्याचं काम, असं आपण मंडळी मानतो. ऐकता ऐकता ज्याच्या जिवाला घोर लागला, अशा एकाची गोष्ट आज सांगतो.

"ही लाइन काढून टाका," साहेब म्हणाले. "तिचं काम संपलं."

"राहू द्या ना, साहेब."

"कशाला? आता नुसती म्हातारीची गुडघेदुखी ऐकायची? त्यावाचून देशाचं काही अडलंय का?" साहेब हसले. "सोमवारी केबलचा जोडारी येऊन सोडवेल. तुम्ही फार गुंतलात, कानसेन."

कानसेन हे काही त्याचं नाव नव्हे, कचेरीने पाडलेलं. समुद्राच्या तळाने आलेली केबल त्या किनाऱ्यावर वाळूखालून वर यायची आणि एका बुटक्या इमारतीत शिरायची. केबलच्या पोटात केसाएवढे काचेचे तंतू, तंतूंत उजेड आणि त्या उजेडात पलीकडच्या माणसांचं बोलणं. जोडाऱ्याने तो उजेड दोन वाटांना लावला होता. एक वाट लोकांच्या फोनांकडे. दुसरी मागच्या बिनखिडकीच्या खोलीकडे. तिथे कानसेन हेडफोन चढवून बसायचा. उजेड असा वाटून घेतला तरी कमी झाल्याचं कुणाला कळत नाही.

मागच्या खोलीत बोलायची सोयच नव्हती. लाइन वाजवून तपासायचा फोन बाहेर, जोडाऱ्याच्या टेबलावर.

"आम्ही बोलायचं, तुम्ही ऐकायचं," जोडारी म्हणायचा. "आमच्या घरी नेमकं उलटं आहे हो!"

म्हातारी त्याच गावातली, बंदरामागच्या चढावर राहणारी. एकुलता एक लेक समुद्रापार, वर्तमानपत्रात. इकडच्या सरकारला झोंबेल असं लिहायचा. म्हणून ती लाइन ऐकायचा हुकूम. दर रविवारी दुपारी मायलेकरं बोलायची. जेवलास का, अंगावर काही गरम घालतोस का, शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली. कानसेनची आई तो रांगत होता तेव्हाच गेलेली. तान्हेल्या माणसाने ओंजळ धरावी तसा तो ऐकायचा.

मग एका रविवारी लेक म्हणाला, "आई, कुणाला बोलू नकोस हं. मी येतोय. शुक्रवारी, मालाच्या बोटीने."

म्हातारी कुणाला बोलली नाही. कानसेनने साहेबांना सांगितलं. तेच त्याचं काम होतं.

बोट आली. लेक घरी आला नाही. म्हातारी दिवे लागेपर्यंत दारात बसून राहिली.

त्यानंतरच्या रविवारी, नेहमीच्या वेळी, तिच्याकडे फोन वाजला.

"आई, सुट्टी नाही मिळाली गं."

"आवाज असा का रे?"

"सर्दी झालीय."

"बरं, बरं," म्हातारी म्हणाली आणि जराशाने, "जपून राहा."

त्या दिवसापासून कानसेनला अन्न गोड लागेना. रविवारचे फोन चालू राहिले. फोनागणिक त्याला वाटायचं, आपण या घरातलं काहीतरी चोरून खातोय. आणि तरी रविवारची वाट बघितल्याशिवाय राहवायचं नाही.

आता उरला हा एकच रविवार. सगळं सांगून टाकायचं आणि मग ती म्हातारी चपलेने मारो की थुंको, असं ठरवून तो चढ चढला.

दार तिनेच उघडलं.

"फोनवाले का? या. कुणीतरी येईल असं वाटतच होतं मला."

त्याने होकाराची मान हलवली. फोन खिडकीशी होता. त्याने उगीच वायर हलवून बघितली.

"बिघडलाय का?"

नाही, अशी मान.

"अगं बाई! फोनच्या कंपनीने मुका माणूस ठेवलाय की काय?"

त्याला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. म्हातारीने स्टूल पुढे ओढलं.

"बस. घरी कोण कोण असतं?"

त्याने एक बोट वर केलं.

"एकटाच? मग जेवायचं काय करतोस? काही नाही करत, दिसतंच आहे. थांब, वाढते. नाही म्हणायचं नाही."

ताट समोर आलं. ताट अर्धं झालं. तो उठून उभा राहिला.

"आई," त्याच्या तोंडून निघालं, "तुमच्या लेकाच्या बाबतीत..."

म्हातारीचा वाढता हात तिथेच थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आज रविवार," ती अखेर म्हणाली. "लेकाच्या फोनची वेळ होत आली. जा बाबा तू. कामावर उशीर होईल."

तो उतार उतरला. भित्रा मेला, असं स्वतःलाच म्हणत. सांगायला गेला होता आणि तिचंच अन्न उष्टं करून आला होता.

इमारतीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत हेडफोन खुंटीला टांगलेले होते. तो तिकडे गेला नाही. जोडाऱ्याच्या टेबलाशी बसला, तपासायचा फोन उचलला, घंटी वाजू दिली. मग आवाज जरा खाली नेऊन म्हणाला,

"आई, मी बोलतोय गं."



"अर्ध्या ताटावरून उठून गेलास," म्हातारी म्हणाली. "यापुढे फोन नाही केलास तरी चालेल, बाळा. एवढंच कर. देवापुढे बसशील तेव्हा माझ्या लेकाची आठवण ठेव."