मापात बसलेला ट्रेलर

"अप्पांची गाडी शर्यतीला उघड्या टेम्पोतून न्यायची? लोक काय म्हणतील?" तेराव्याच्या जेवणावरच काकांनी विषय काढला. अप्पांनी आपली रेसची गाडी हयातभर उघड्या टेम्पोतूनच नेली होती. पण आता त्यांचं मत विचारायची सोय नव्हती. बंद ट्रेलर बांधायचं ठरलं.

ट्रेलर सजवायला अख्खं गणगोत लोटलं. काकांनी आतून जाड लाल रेक्झिन ठोकून घेतलं, आत्याने देव्हारा बसवला. शर्यतीत गाडी चालवणार होती अप्पांची मुलगी वसुधा, त्यामुळे साहजिकच तिला कुणी विचारलं नाही. घर अशाच कर्त्या माणसांनी भरलेलं. वडिलांसाठी रडायला तिला कोपरा मिळाला नव्हता.

नारळ फुटला. तिने गाडी ट्रेलरमध्ये चढवली. गाडीचं दार दोन बोटं उघडलं आणि रेक्झिनला टेकलं. माणूस उतरणार कसा, हे मापात कुणी धरलंच नव्हतं.

"वसे, मागं घे की गाडी!" काका ओरडले.

तिने ठणठणीत इंजिन बंद केलं. "सुरूच होईना, काका. वेळ लागेल. तुम्ही सगळे चहा घेऊन या."

मग काच वर करून, अप्पांच्या स्टिअरिंगवर डोकं टेकून ती पोटभर रडली.