गाडी लागणारा मुलगा

"तर मंडळी, बावीस वर्षांचा होईपर्यंत मी हेच समजत होतो, की मला गाडी लागते," सर म्हणाले, आणि सभागृहात पहिला हशा पिकला.

सर म्हणजे पैशाचे सर. घरात पैशाबद्दल मुलांशी प्रेमाने कसं बोलावं, हे ते शिकवत. रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात आईबाप मुलांना घेऊन येत. सर प्रत्येकाच्या हातात एक कागद आणि पेन्सिल देत, आणि दोन तासांत कुणालाही न दुखवता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत. त्यातली ही सहलीची गोष्ट त्यांची हुकमी. सहा वर्षांत ती एकदाही वाया गेली नव्हती.

आज मात्र तिसऱ्या रांगेत त्यांची आई बसली होती. "एकदा ये की ऐकायला," म्हणून वर्षभर मागे लागून त्यांनीच तिला बोलावलं होतं. बोलावताना गोष्ट आठवली नाही, आणि गोष्ट सुरू करताना आई आठवली नाही. जीभ सवयीने निघाली ती निघालीच. मधेच थांबावं तर सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले.

"पाचवीत आमची सहल निघाली, धरण बघायला. आई म्हणाली, तू नको जाऊस, तुला गाडी लागते. झालं. तेव्हापासून मी बसमध्ये चढलो की खिडकी पकडायचो. खिशात कायम लिंबू. गाडी मात्र एकदाही लागली नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलो तोही चालत, नऊ किलोमीटर. घामाघूम होऊन पोचलो, तर साहेब म्हणाले, याला नोकरी द्या, नाहीतर हा इथेच कोसळेल."

हशा आला, नेहमी यायचा तिथेच. सरांनी चोरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईही हसत होती. सगळ्यांच्या मागून, जरा उशिराच, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एरवी ते इथे थांबून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत, 'मुलांशी पैशाबद्दल खोटं बोलू नका.' आज त्यांनी खडू उचलला आणि तसाच ठेवून दिला.

"असो. आपण पुढे जाऊ."

पण आईच्या शेजारी बसलेली सात-आठ वर्षांची चुणचुणीत मुलगी काही पुढे जायला तयार नव्हती. तिने हात वर केला.

"सर, पण तुमची आई खोटं का बोलली?"

"पैसे नव्हते, बाळा."

"मग तसंच सांगायचं ना."

तिच्या वडिलांनी तिचा हात खाली ओढला. सरांकडे याचं तयार उत्तर होतं, चांगलं तीन मुद्द्यांचं, कितीदा तरी दिलेलं. आज ते सोडून सर उरलेले कागद नीट लावू लागले. तेवढ्यात आई उभी राहिली.

"मी सांगते हिला," ती म्हणाली. "मीच ती आई."

मघाशी सगळ्यात मोठ्याने हसलेले एक गृहस्थ खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

आई त्या मुलीशीच बोलत होती, बाकी कुणाशी नाही. "कसं आहे बाळा, वर्गातली सगळी मुलं जाणार होती. शाळेत याला कुणीतरी विचारणारच, तू का येत नाहीस म्हणून. मग याने काय सांगायचं? पैसे नाहीत असं म्हणाला असता, तर मान खाली घालून म्हणाला असता. गाडी लागते म्हणायला मान खाली घालावी लागत नाही. गाडी काय, चांगल्या चांगल्यांना लागते."

मुलीने जरा विचार केला. "मग सरांना विचारलं होतं कुणी?"

आईने मुलाकडे पाहिलं. ते तिलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं.

विचारलं होतं. बाईंनी भर वर्गात विचारलं होतं. सहलीला न येणारे दोघेच होते. आधी पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली, तिने खरं ते सांगितलं, आणि सगळा वर्ग हसला. त्या हसण्यात सरही होते. मग त्यांची पाळी आली. ते खुशाल म्हणाले, मला गाडी लागते, आणि बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. एवढा भाग ते दर रविवारी गाळत आले होते. आपण काय गाळतोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही आईला वाईट ठरवून त्यांनी सहा वर्षं टाळ्या घेतल्या होत्या.

"विचारलं होतं," सर म्हणाले. "आई, अगं, मी..."

"असू दे रे. तुझंच बरोबर आहे. मला तेव्हा कुठे सुचत होतं एवढं." आई खाली बसली. तिने चष्मा लावला, पर्सवर कागद सरळ केला आणि पेन्सिल हातात घेतली. सर अजून तसेच उभे आहेत हे पाहून ती हळूच म्हणाली,

"मघाशी फळ्यावर काहीतरी लिहिणार होतास ना? लिही की. मी उतरवून घेते."